कुंकवानं दाखवलेली घसट

आमच्या शेजारचे धोंडबा भाऊजी कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं फिटर होते. मोठमोठी चाकं एका रेषेत बसवायची, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी हाताला स्वस्थता नाही. कोणाची शिलाई मशीन, देवळातला पंखा, आणि आता तिरंदाजी शिकणाऱ्या पोरींची धनुष्यं. ही रामाची धनुष्यं नव्हेत. दोन्ही टोकांना चाकं, मधे दोऱ्यांचं जाळं. मला तर ते उचलायचंसुद्धा भ्या वाटतं.

शुक्रवारी माझी नात मिनल धनुष्य पिशवीत भरून बसली. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

"आजी, मी नाही जात. माहा हात बिघडला. बाण शेपूट हलवत जाते."

भाऊजी दारातच होते. "हात बिघडला का धनुष्य, हे तुले कोणी सांगितलं? कागदाले विचारू."

मोडक्या बाजेच्या चौकटीवर मी खळीनं जुना पेपर चिकटवला. मागं फोमचा जाड ठोकळा ठेवला. मिनलनं चार पावलांवरून बाण सोडला. पेपरात टोकाचं भोक खाली, आणि पिसांनी फाडलेलं दोन बोटं वर.

"म्हणजे मान खाली, शेपूट वर," भाऊजी म्हणाले. बाण ज्यावर टेकतो तो चिमटा त्यांनी केसभर वर घेतला. पुन्हा तेवढंच फाटलं. आणखी वर घेतला. तरी तेवढंच. माझे फडताळात अंथरायचे तीन पेपर गेले.

"भाऊजी, चिमटा आता आभाळात नेता काय?"

"पाहा, हातच आहे," मिनल म्हणाली.

"हात असता तर फाटणं दरवेळी येगळं असतं वं. हे एकासारखं एक आहे." मग ते ओट्यावर बसले. "मी बंद मशीन पाहून राहिलो. चालताना कुठं घासते ते पाहा लागते. वहिनी, कुंकू आहे का?"

वीजकेंद्रात म्हणे असाच रंग लावायचे. जिथं उमटला तिथं घसट. देव्हाऱ्यातलं द्यायला जीव होईना, चिमूटभरच दिलं. त्यांनी ते बाणाच्या पिसांना चोळलं. बाण सुटला, आणि चिमट्यावर लाल रेघ आली. खालचं पीस तिथं आपटत होतं.

"बाणाच्या बुडाच्या, दोरीत अडकवायच्या खाचा कोणी बदलल्या?"

"मीच. मागच्या आठवड्यात," मिनल हळूच म्हणाली.

चिमटा त्यांनी पहिल्या जागी आणला. खाच जराशी फिरवली, म्हणजे बाण दोरीवर वेगळ्या अंगानं बसेल आणि पिसं चिमट्याच्या फटीतून सुटतील. नवा पेपर लावला. एकच भोक पडलं, भोवती पिसांच्या तीन बारीक चिरा.

मिनल किती तरी वेळ त्या भोकात बोट घालून उभी होती.

"म्हणजे हात माहा..."

"बरा आहे. बाकीचे बाण आण."

आज रविवार. पहाटेच्या बसनं गेली ती. निवड होईल न होईल, संध्याकाळी कळेल. तो पेपर मी फडताळात अंथरला आहे. लोणच्याची बरणी मात्र जरा बाजूला सरकवली, भोक दिसत राहावं म्हणून.