सहा नळ्या आणि बांधलेलं गाव

सिरोंच्याला कसं जायचं, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. कोणाला नद्यांचा संगम पाहायचा असतो, कोणाला नुसतं जंगल. आताचे रस्ते आणि गाड्या यांची माहिती तुमचा मोबाईल माझ्यापेक्षा बरी देईल. मी सांगतो ते पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आमची राजधानी नागपूर होती आणि सिरोंच्याला पोचायला नशीब चांगलं असेल तर दोन दिवस लागत. माझं नशीब तेव्हा कसं होतं ते तुम्हीच ठरवा.

मी नगरपालिकेत कारकून होतो. माझ्याकडे दवंडीचा कागद असे. कुठल्या मोहल्ल्यातल्या विहिरीत लाल औषध टाकणार, तिचं पाणी कधीपर्यंत भरायचं नाही, कुठल्या कोपऱ्यावरचा कंदील बंद आहे, देवी टोचणारा कुठल्या चौकात कधी बसणार, हे सगळं मी लिहायचो आणि दवंडीवाला डफडं वाजवत गावभर सांगायचा. पठाणपुऱ्यापासून बाबूपेठेपर्यंतच्या विहिरी मला नावानिशी पाठ होत्या. लोक मला रस्त्यात अडवून विचारत, "बाबू, आमच्या गल्लीचा नंबर कधी?" आणि मी न अडखळता सांगत असे. त्याचा मला थोडा ताठाही होता.

त्या वर्षी माघात टोचण्याच्या फेरीची यादी मीच केली. माझा स्वतःचा मोहल्ला मी मुद्दाम शेवटी टाकला. बाबूने आपलं आधी उरकून घेतलं, असं कोणी म्हणायला नको, एवढाच विचार. हेडक्लार्कनी कागद पाहून मान डोलावली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण आमचा नंबर लागायच्या चार दिवस आधी माझी बायको सुशीला भावाच्या लग्नासाठी माहेरी सिरोंच्याला गेली आणि वर्षाची कमल तिच्या कडेवर गेली. आली की टोचून घेऊ, असं मी म्हणालो.

चैत्रात सासऱ्यांचं पत्र आलं. ते जंगलखात्याच्या नाक्यावर होते, पत्रं मोजकी लिहीत. "शेजारच्या घरी बाई आल्या आहेत. दाराला निंब लावला आहे. कमल खेळते आहे. इथल्या दवाखान्यातली लस उन्हाने खराब झाली, नवी यायची आहे. काळजी नसावी." मी ते उभ्यानेच वाचलं. शेजारच्या घरी देवी आल्या होत्या, आणि ते घर नि सासऱ्यांचं घर यांच्यात एकच कूड होता. पत्राला तीन दिवस झाले होते.

मी तडक गोविंदरावांकडे गेलो. ते आमचे देवी टोचणारे. त्यांनी साहेबांची परवानगी काढली आणि लसीच्या सहा बारीक काचेच्या नळ्या दिल्या. बांबूच्या पेरात कापूस, कापसात नळ्या, वरून ओलं फडकं, आणि ते सगळं एका लहान मडक्यात.

"फडकं सुकू देऊ नका," ते म्हणाले. "मडकं उन्हात ठेवू नका. दोन दिवस टिकेल, तिसऱ्या दिवसाचं मी सांगत नाही."

सुईही त्यांनी दिली. तिथल्या कंपाउंडरकडे असेलच, पण असू द्या म्हणाले. मी ती खिशात ठेवली.

सकाळच्या बसने निघालो. बल्लारशा, कोठारी, गोंडपिंपरी. रस्ता खडीचा, गाडीच्या पाट्या खिळखिळ्या, आणि मडकं माझ्या मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "लोणचं हाय का भाऊ?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिने मला गाडीतून उतरवलं असतं. दर अर्ध्या तासाने मी फडक्यावर तांब्यातलं पाणी शिंपडत होतो आणि ती बाई, हे कुठलं लोणचं, अशा नजरेने बघत होती.

आष्टीला वैनगंगा. बस अलीकडे थांबायची, लोकांनी डोंग्यातून पलीकडे जायचं आणि तिकडे दुसरी गाडी धरायची. डोंग्याला एक आणा पडला. पाणी थोडंच होतं, तरी मी मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. काठावर एका झोपडीत भात आणि तुरीचं पातळ वरण मिळालं. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो.

आलापल्लीला पोचेस्तोवर दिवस मावळला. सागवानाच्या ओंडक्यांचे ढीग, हत्ती असावेत इतके जाड, आणि सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. पुढची बस बंद होती. नाल्यावरचा पूल खचला होता. एका ठेकेदाराचा ट्रक मात्र नाल्याच्या कोरड्या पात्रातून उतरून सकाळी बांबू आणायला सिरोंच्याकडे निघणार होता. चालवणारा रहीमभाई. त्याने माझं तोंड पाहिलं आणि कारण न विचारता पुढे बसवलं.

इथून पुढचं जंगल ज्यांना पाहायचंय त्यांनी चैत्रातच जावं. मोहाची फुलं पडत असतात, झाडाखालची जमीन जाळून साफ केलेली असते आणि बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात. मला हे आज आठवतं. तेव्हा मी फक्त मडक्याला हात लावून बघत होतो. सकाळी ते गार होतं. दुपारी कोमट झालं.

बाराच्या सुमाराला रहीमभाईने गाडी थांबवली. समोर रस्त्याच्या आरपार गवताची दोरी बांधली होती, तिला निंबाचे डहाळे अडकवलेले, खाली राखेची रेघ. पलीकडे दहाबारा घरं. एक माणूस नव्हता, कोंबडीसुद्धा दिसत नव्हती.

"गाव बांधून राह्यले साहेब," रहीमभाई म्हणाला. "मातेची साथ फिरून राह्यली ना. पुजाऱ्यानं शीव बांधली की आज कोणी आत नाई, कोणी बाहेर नाई. उद्या सूर्य वर आला का सोडतीन."

"आपल्याला गावात कुठे जायचंय? रस्त्याने पुढे जायचंय."

"रस्ता गावातूनच जाते."

मी दोरीखालून जायचं म्हणालो. त्याने माझा दंड धरला. "तुम्ही जासान हो. मले इथून हमेशा जा लागते."

वळसा घालून चालत जायचं तर पुढचं गाव सात कोस, आणि त्या पट्ट्यात वाघाने गुरं नेल्याचं आलापल्लीलाच ऐकलं होतं. मी तरी निघालो असतो का? नाही. मला वाघाची भीती वाटली, हे आज कबूल करायला लाज नाही. मी ट्रकच्या सावलीत बसलो आणि उरलेलं पाणी फडक्यावर ओतलं.

थोड्या वेळाने दोरीपलीकडे एक म्हातारी येऊन बसली. कमरेला आखूड लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, कडेवर नातू, कमलएवढाच. तिला मराठी येत होतं.

"काय हाय त्याच्यात?" तिने विचारलं.

या वेळी मी खोटं बोललो नाही. उन्हाने असेल, भीतीने असेल. म्हणालो, "माता येऊ नये म्हणून औषध आहे. माझी पोरगी सिरोंच्याला आहे. शेजारी माता आहे. हे गरम झालं की वाया जातं."

तिने मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग असं झळीत काऊन घेऊन बसला? नाल्यात झिरा हाय. रेती उकर, पाण्यात गाड, वरून पानं टाक. आमी आंबील तशीच ठेवतो."

नाला दोरीच्या अलीकडेच होता. वर कोरडा ठणठणीत. ढोपरभर रेती उकरल्यावर पाणी लागलं, इतकं गार की हात आखडला. म्हातारी पलीकडून सांगत होती, "अजून खोल. अजून." मी मडकं गळ्यापर्यंत गाडलं, वर पळसाची पानं टाकली. पहिल्यांदा मला धड श्वास आला.

मी परत आलो तेव्हा ती तिथेच होती. नातवाने तिच्या माळेतला मणी तोंडात धरला होता.

"ते औषध आमच्या लेकरांले नाई चालत का?" तिने विचारलं.

मी तिला काय उत्तर दिलं ते साठ वर्षं झाली तरी शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "ते सिरोंच्यासाठी मोजून दिलेलं आहे, बाई."

मोजून वगैरे काही दिलं नव्हतं. सुई माझ्या खिशात होती. गोविंदरावांना टोचताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, दंडावर कुठे, किती ओरखडा, सगळं. पण मला परवाना नव्हता, आणि दोरी मध्ये होती, आणि एक नळी फुटली तर, दुसरी गरम होऊन गेली असली तर, तिसरी लागलीच नाही तर, असा माझा हिशेब चालला होता. सहाच्या सहा नळ्या मला कमलसाठी हव्या होत्या. हे त्यातलं खरं कारण.

म्हातारीने वाद घातला नाही. "बरं," म्हणाली आणि बसून राहिली. संध्याकाळी तिने दोरीपलीकडे पानावर मोहाची उकडलेली फुलं ठेवली आणि मागे सरली. मग मी जाऊन उचलली. रहीमभाईने आणि मी ती खाल्ली.

सकाळी सूर्य झाडांवर आला तेव्हा पुजाऱ्याने दोरी सोडली. मी मडकं उकरून काढलं. ते गार होतं. ट्रक गावातून गेला तेव्हा म्हातारी दारात उभी होती. मी हात जोडले. तिने हात केला नाही, नातवाला सावरलं फक्त.

सिरोंच्यात दुपारी पोचलो. सासूबाई दारातच होत्या, "रा बाबू, रा," असं तेलुगूत म्हणत आत घेऊन गेल्या. शेजारच्या दाराला निंब होताच, पण आत आवाज नव्हता. सुशीलाने हळू सांगितलं, "काल गेला त्यांचा मुलगा. तीन वर्षांचा होता." कमल अंगणात बसून माती खात होती. मी तिचं अंग चाचपलं. गार होतं. तरी मी चारदा चाचपलं.

कंपाउंडरने संध्याकाळपर्यंत कमलला आणि गल्लीतल्या सगळ्या लेकरांना टोचलं. पुढचे दिवस मी मोजले नाहीत, ते आपोआप मोजले गेले. आठव्या दिवशी कमलला ताप चढला. लसीचा की मातेचा, कंपाउंडरलाही सांगता येईना. घरात माता असली तर फोडणी द्यायची नसते, म्हणून सासूबाईंनी फोडणी बंद केली, सुशीला कमलला मांडीवरून खाली ठेवीना. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. दंडावरचा फोड भरला, ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि कमलने भात मागितला. सुशीला तेव्हा रडली, आधी नाही.

त्याच दिवशी मी कंपाउंडरला नळ्यांचं विचारलं. "चार लागल्या," तो म्हणाला. "दोन उरल्या होत्या. कोणाला टोचायचं राहिलं नव्हतं. दोन दिवसांनी फेकून दिल्या, गरम झाल्या होत्या."

परतताना सुशीला जंगलातून यायला तयार होईना. आम्ही नदी उतरून पलीकडे पूर्वीच्या निजामाच्या मुलखात गेलो, तिथून बैलगाडीने रेल्वे गाठली आणि बल्लारशामार्गे घरी. लांबचा रस्ता, पण लेकरू बरोबर असेल तर तोच बरा. ते गाव मला परत लागलंच नाही.

चांद्याला आल्याबरोबर मी त्या गावी टोचणारा पाठवावा म्हणून अर्ज लिहिला आणि जिल्ह्याच्या कचेरीत नेला. तिथल्या कारकुनाने दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "गावाचं नाव?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर मी त्या गावाच्या शिवेवर बसलो होतो, तिथलं खाल्लं होतं, तिथल्या रेतीत माझ्या लेकीचा जीव गाडून ठेवला होता. नाव विचारलं नव्हतं.

रहीमभाईला मी पुढे महिनाभराने बल्लारशाच्या डेपोत गाठलं. त्याने नाव सांगितलं, मी लगेच अर्ज पुरा करून दिला आणि पथक जाईल असं मला कळवण्यात आलं. रहीमभाई त्या रस्त्याने दर आठवड्याला जात होता आणि पुढची दोन वर्षं मला भेटत होता. त्या म्हातारीचं आणि तिच्या नातवाचं काय झालं, हे त्याला विचारायला मला एक वाक्य पुरलं असतं. आम्ही रस्त्याबद्दल बोलायचो, पुलाबद्दल, उन्हाबद्दल. तो कमल कशी आहे असं दर वेळी विचारायचा. मी छान आहे म्हणायचो आणि तो पुढे काही बोलायच्या आत, घाई आहे सांगून निघायचो.