सेक्रेटरींची वेबसाइट

बाळांनो, डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुणाकडे कधी बसत नसत. दारातच उभ्याने भराभरा बोलत. गॅलरीतून कचरा टाकणाऱ्याचं नाव ते फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत. लोक दोन दिवस चिडत, मग विसरत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी सायबर कॅफेत जाऊन सोसायटीची वेबसाइट केली. तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या सरांचं नाव, फोन नंबर आणि कचऱ्याचा आरोप टाकला. मजकूर इंग्रजीत होता, आणि तो मीच तपासून दिला होता. सरांना परक्या लोकांचे फोन येऊ लागले. मग सेक्रेटरींना बदनामीबद्दल सरांच्या वकिलाची नोटीस आली. ती घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले.

"काकू, फळ्यावर चालतं, मग इथे का नाही? आणि ते पान मी काढलं ना आता!"

"अहो, त्याची छापील प्रत नोटिशीलाच जोडली आहे."

ते गोंधळून कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इंग्रजी कुणाचं, असं कोर्टात विचारलं, तरी तुमचं नाव घेणार नाही मी."

चूक नेमकी कुठे झाली आणि त्यात माझी किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. "खुशाल घ्या," असं मी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "चहा टाकू का?"