बारावा फोन

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात ताईंचं काम काय, असं कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, "बारा जणांना तासातासाला छळणं." शहराभोवती बारा पंपघरं होती आणि प्रत्येकात एकच माणूस, आठ तास मोटारीच्या घरघरीत एकटा. ताई दर तासाला बाराही ठिकाणी फोन लावायच्या, "ठीक आहे ना?" एवढं विचारायच्या आणि वहीत खूण करायच्या. हे सतरा वर्षं चाललं होतं.

काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. एका पंपघरात एक माणूस पाय घसरून पडला. सकाळी पडलेला माणूस संध्याकाळी पाळी बदलताना सापडला, तेव्हा सगळं संपलं होतं. मग साहेबांना जाग आली, वही आली आणि फोनजवळ ज्याचं टेबल होतं त्याच्या गळ्यात पडली. फोनजवळ ताई बसायच्या. मी खिडकीजवळ बसायचो, म्हणून वाचलो.

थकवा त्या लपवायच्या नाहीत. थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पीत, बसलेल्या घशाने म्हणायच्या, "माणसांच्या आवाजाचा वीट आलाय हो मला. घरी नवरा काही बोलायला लागला तरी वाटतं, खूण करावी आणि ठेवून द्यावा."

"मग एखादी फेरी गाळा की," मी म्हणायचो.

"आणि नेमका त्याच फेरीला कुणी पडला तर?" असं म्हणून त्या पुढचा नंबर फिरवायच्या.

बारावा नंबर टेकडीवरच्या टाकीचा. तिथला ऑपरेटर निवृत्तीला टेकलेला आणि महातिरसट. आम्ही त्याला कारलं म्हणायचो. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. ताईंना त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "जिवंत आहे. ठेवा." सतरा वर्षांत त्याने त्यांना कधी नमस्कारही केला नव्हता.

त्या उन्हाळ्यात टेकडीवरचा पंखा आठ दिवस बंद होता. खोली पत्र्याची, शेजारी तापलेली मोटार. त्याने तक्रारीचा कागद पाठवला होता. तो माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. आज करू, उद्या करू, असं माझं चाललेलं.

दुपारी तीनच्या फेरीला ताईंनी अकरा फोन उरकले आणि बारावा लावला.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे, ताई."

त्यांनी खूण केली, फोन ठेवला. पेन मात्र हातातच राहिलं.

"ते मला ताई म्हणाले," त्या म्हणाल्या.

मी हसलो. "उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

ताईंनी पुन्हा फोन लावला. "पंखा चालू झाला का?"

बराच वेळ गेला. मग संथ आवाज आला, "ठीक आहे, ताई."

ताई साहेबांकडे गेल्या, मीही मागोमाग. साहेब म्हणाले, "माणूस स्वतः ठीक म्हणतोय. तुम्ही खूणसुद्धा केलीत. मग गाडी कशाला?"

"ते माझ्याशी नीट बोलले म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर ताईंनी खुंटीवरची जीपची किल्ली काढली होती. ड्रायव्हरला चहावरून उठवताना त्या मला म्हणाल्या, "मी नसले तर चारची फेरी तुम्ही करा. आणि नीट ऐका."

चार वाजता मी ऐकलं. एकजण खेकसला, एकाने माझी थट्टा केली. सातव्या ठिकाणी फोन वाजतच राहिला आणि मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. बाबा संडासला गेला होता. अकरा फोन झाले तेव्हा मी घामाघूम होतो आणि पाच वाजायला फक्त चाळीस मिनिटं उरली होती. ही बाई सतरा वर्षं हे ओढतेय, आणि आपण हिची चेष्टा करतो, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

तिकडे टेकडीवर ताईंना कारलं भिंतीला टेकून बसलेलं सापडलं. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, घामाचा थेंब नाही, फोन मांडीवर. ताईंना बघून त्याने विचारलं, "कोण पाहिजे?" ताईंनी आणि ड्रायव्हरने त्याला ओल्या कापडात गुंडाळून दवाखान्यात नेलं. अजून तासभर गेला असता तर आशा नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेपरवेटखालचा कागद ताईंसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला. मला शिव्या हव्या होत्या.

"पंखा बसवा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नऊची फेरी सुरू केली.

तीन आठवड्यांनी तो कामावर परतला. बारावा फोन लागला. ताईंनी विचारलं, "ठीक आहे ना?"

"ठीक आहे, ताई," तिकडून आवाज आला. "तुमचे उपकार या जन्मात..."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझ्याशी गोड बोलायचं नाही. गोड बोललात की मला कळत नाही तुम्ही बरे आहात की नाही. माझ्यात आता तेवढं त्राण उरलेलं नाही. नेहमीसारखं बोला."



"जिवंत आहे," तो म्हणाला. "ठेवा."

ताईंनी खूण केली.