घरमालकांचा इंग्रजी शब्द

आमच्या घरमालकांनी संसार, नोकरी, शेजार आणि दोन्ही गुडघ्यांची दुखणी एका इंग्रजी शब्दावर निभावून नेली. तो शब्द म्हणजे अ‍ॅडजस्ट. इंग्रजांनी तो यंत्राचा स्क्रू पिळण्यापुरता आणि गळ्यातला टाय सरळ करण्यापुरता वापरला असेल. त्याचं सोनं झालं ते म्हैसुरात, आणि म्हैसुरातही जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या घरमालकांच्या हातून.

सांगलीहून बदली होऊन आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्याचं घर बघायला आम्ही नवराबायको गेलो होतो. स्वयंपाकघर असं, की फ्रिज आत ठेवला तर बायकोनं बाहेर उभं राहून फोडणी द्यायची. हे मी सभ्य शब्दांत सुचवून पाहिलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करून घ्या हो," घरमालक म्हणाले, "खाली आमचं बी असंच चाललंय, अल्वा?" स्वल्प म्हणजे थोडं आणि अल्वा म्हणजे नाही का, हे पुढे कळलं. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराजांच्या सैन्यात म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण तिनंही कानडीला ऐसपैस जागा करून दिली होती. महिन्याभरात ते आमचे काका झाले आणि त्यांच्या मंडळी काकू. फ्रिज आम्ही हॉलमध्ये ठेवला.

काकांच्या लेखी या शब्दाला अर्थांची ददात नव्हती. रिक्षात चौथा माणूस कोंबताना अ‍ॅडजस्ट म्हणजे सरका. सारात मीठ जास्त झालं की अ‍ॅडजस्ट म्हणजे मुकाट्यानं जेवा. मिक्सर बिघडला की अ‍ॅडजस्ट म्हणजे दुरुस्ती, आणि काकांनी हात लावल्यावरही तो फिरेना, तर अ‍ॅडजस्ट म्हणजे नवा आणा. शेजारची नवी सून सासरी रुळली का, हे विचारायलाही तोच शब्द. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली, तर "एक दिवसाआड अ‍ॅडजस्ट करा की" म्हणून त्यांच्याशी भाजीवाल्याशी घालावी तशी हुज्जत घातली. आमच्या मुलीला शाळेत हा शब्द वाक्यात वापरून आणायला सांगितला होता. काकांनी हौसेनं वाक्य दिलं, आजोबांनी उरलेला भात पाहुण्यांना अ‍ॅडजस्ट केला. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. काकांना वाईट वाटलं नाही. "बाई परगावच्या असतील," ते म्हणाले, "कळेल हळूहळू."

एका जागी मात्र काकांचं घोडं अडायचं. म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजाराणीची जोडी बसते. ती लेकीला लग्नात माहेरून मिळते आणि दरवर्षी मांडायचीच असते. काकूंची जोडी लष्कर मोहल्ल्यातल्या माहेरून आलेली. काका मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथून निवृत्त होऊन जमाना झाला तरी नवरात्राच्या आदल्या दिवशी ते ओळंबा घेऊन बसत. पायरी केसभर कलली असली तरी सगळ्या बाहुल्या उतरवून पुन्हा पहिल्यापासून. राजाराणी खांद्याला खांदा लावून बसली पाहिजेत, मध्ये फट दिसता कामा नये. काकू वैतागून म्हणायच्या, "सगळ्या गावाला अ‍ॅडजस्ट करा म्हणतात. ह्यांचं ह्या दोघांपाशीच अडतंय बघा." काका खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं राणीचं तोंड पुसत बसत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. समाचाराला आलेल्या माणसांनी हॉल भरला, तेव्हाही काका दारात उभे राहून "सरका जरा, अ‍ॅडजस्ट करा, हे लांबून आलेत," असं सांगत होते. मला तेव्हा हसूही येईना आणि रडूही. नंतर दुपारचा चहा घेऊन खाली गेलो की काका पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून निजलेले दिसायचे. उरलेल्या पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नसायची. वर्ष झालं नव्हतं म्हणून त्या नवरात्रात बाहुल्या पेटीतच राहिल्या.

यंदा हैदराबादची लेक त्यांना न्यायला आली. पोरगी गुणी आहे. एकट्या म्हाताऱ्या बापाला ती तरी किती दिवस लांब ठेवणार? जायच्या दिवशी सकाळी काका जुन्या साडीत गुंडाळलेली जोडी घेऊन वर आले. "ह्या घरातनं हलवायची नाही म्हणून सांगून गेलीय तुमची काकू," ते म्हणाले. "तुम्ही मांडा. पायऱ्या नकोत, कुठं बी चालतंय. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." बाहुल्यांच्या बाबतीत हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी आम्ही पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. खण अरुंद, एका खणात दोघं मावेनात. मग एका खणात राजा, शेजारच्या खणात राणी, दोघांपुढे एकेक दिवा. दिसत होतं छान. काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"दिवे बरे ठेवलेत," ते म्हणाले. मग फोन डोळ्यांजवळ धरला. "मध्ये काय आहे ते?"

"फळी आहे, काका. कपाटाचीच आहे, निघत नाही. यंदा एवढं अ‍ॅडजस्ट करून घ्या."

काकांनी चष्मा काढला. "सगळं केलं हो," ते म्हणाले. "इथलं जेवण, इथली भाषा. ती नाही, ते बी केलं. हे एक होत नाही मला."

बायकोनं टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या जागी राजाराणीला शेजारी शेजारी बसवलं. नऊ दिवस आम्ही जमिनीवर बसून बातम्या पाहिल्या.

"अजून जवळ," काका म्हणाले. तिनं राणीला सरकवलं. "अजून." खांद्याला खांदा लागला. "हां. आता बसली."

मी फोन बाहुल्यांच्या आणखी जवळ नेला. काकांचा चेहरा दिसेनासा झाला आणि पडदाभर नुसता पांढरा पंचा हलत राहिला. तिकडे हैदराबादला ते राणीचं तोंड पुसत होते.