घरात दूध होतं म्हणून

"शीहान्स सिंड्रोम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी शेजारी बसलेल्या मंगलक्कांकडे रागानं बघितलं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आजार माझा, पण डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर त्यांनीच ठोकलं होतं.

प्रश्न साधाच होता. "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं होतं?"

"रक्त खूप गेलं. बाटल्या चढवल्या. दूध नाही आलं, पण काही अडलं नाही. मी पाजलं की!"

काही अडलं नाही म्हणे! माझा जीव अडला होता, त्याचं काय?

हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान, वर घर. मंगलक्कांची मुलगी माझ्या ओंकारहून जराशी मोठी. त्यांनी दोघांनाही पाजलं, आणि पेठभर कौतुक झालं. मला अळीव, डिंकाचे लाडू, शेपू सगळं झालं, पण थेंब नाही. पुढे पाळीही आली नाही. केस गळाले. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसायची. सगळे म्हणायचे, बाळंतवात. ओंकार मला आई म्हणायचा आणि त्यांना अव्वा. कन्नडमध्ये अव्वा म्हणजेही आईच. पडला, रडला की पळायचा तो अव्वाकडं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा साध्या तापात मी चक्कर येऊन पडले. बीपी फारच खाली गेलेलं. धारवाडच्या दवाखान्यात आधी रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, मग डोक्याचा एमआरआय. बरी झाल्यावर रिपोर्ट घ्यायला गेलो, तेव्हाही बाकावर ओंकार त्यांच्याच मांडीवर.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "गाय असो, कुत्रं असो, माणूस असो, रक्त फार गेलं की मेंदूखालची पिट्युटरी ही ग्रंथी कामाला लागते. तिच्या हुकमानं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि रक्तदाब सावरतो. गरोदरपणी ही ग्रंथी मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं. तुमचं इतकं गेलं की ती स्वतःच सुकली. दूध, पाळी, थायरॉइड, सगळ्यांना हुकूम तिचाच."

म्हणून दूध नाही, पाळी नाही, अंगात त्राण नाही. आणि मी इतकी वर्षं स्वतःलाच करंटी समजत होते!

बायांनो, असं झालं तर दुसरी कुणी पाजतेय म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा. आमच्या घरात दूध होतं, म्हणून माझं का आलं नाही हे कुणी विचारलंच नाही.

आता कॉर्टिसॉलच्या जागी स्टेरॉइडची आणि थायरॉइडची गोळी, जन्मभर. मनानं बंद करायची नाही. ताप आला की डोस कसा वाढवायचा ते आधीच विचारून ठेवायचं.

हळूहळू अंगात जीव आला. ओंकारला शाळेत मीच सोडायला लागले. एकदा तो गुडघा फोडून घरी आला आणि मंगलक्कांना ओलांडून सरळ माझ्याकडं आला.

नंतर बघते तर त्या भाकरी थापता थापता डोळे पुसत होत्या.

"काय झालं अक्का?"

"काही नाही गं. तू बरी झालीस, चांगलंच झालं. पण तो तुझ्याकडं पळाला ना, माझ्या पोटात दुखलं बघ."

त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले, अगदी गळ्यात पडून मानले. पण आधी त्या खुशीत त्यांच्याच हातची एक भाकरी जास्त खाल्ली.