आधी फाटकाला हात

मापुलेंग कारखान्यातून घरी यायची ती चावी मुठीत घट्ट धरूनच. फाटकापाशी आली की चावीचं टोक आधी लोखंडी कडीला टेकवायची. टच्‌ असा आवाज व्हायचा, अंगातली वीज कडीत उतरायची, आणि मगच ती आत पाऊल टाकायची. शेजारपाजारचे म्हणत, ही बाई रोज फाटकाची विचारपूस करते. म्हणेनात का. दिवसभर उभं राहून पायांचे खांब झालेल्या बाईला लोकांशी वाद घालायची हौस नसते.

लेसोथोचा हिवाळा हाडं वाळवणारा. नळाला सकाळी बर्फ, ओठांना भेगा, हवेत ओलाव्याचं नाव नाही. त्यात मापुलेंगचं काम ब्लँकेटच्या कारखान्यात, लव काढणाऱ्या ब्रशच्या मशीनवर. अंगात नायलॉनचा डगला, पायात रबरी तळाचे बूट, आणि हाताखालून सरकणारी नकली लोकर. संध्याकाळपर्यंत अंगात इतकी वीज साचे की शेजारच्या मशीनवरची लिपुओ म्हणे, "लांब हो बाई. तुझा हात लागला तर मी उभ्या उभ्या पेटेन."

"पेट की. थंडी तरी जाईल," मापुलेंग म्हणे. पण हसायचं त्राण दोघींतही नसे.

उपाय तिने सगळे करून पाहिले होते. हातांना व्हॅसलीन, आत सुती परकर, दारातच बूट काढून सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय. हा सगळा आटापिटा एका म्हातारीसाठी होता.

म्हातारी म्हणजे तिची सासू, मामोकेते. मामोकेते म्हणजे मोकेतेची आई. मोकेते, मापुलेंगचा नवरा, डोंगरावरून गुरं घेऊन उतरताना वीज पडून गेला, आणि आईपाशी त्याचं नाव तेवढं राहिलं. सुनेलाही सासरच्यांनी लग्नातच नाव दिलं होतं, पुलेंगची आई म्हणून. ती पुलेंग कधी जन्मालाच आली नाही. अशा दोघी एका चुलीपाशी राहत होत्या.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुनेने सासूच्या हातात पापाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचं, पत्र्याचं ताट दिलं आणि ठिणगी उडाली. ताट पालथं, पापा जमिनीवर, म्हातारी भिंतीला चिकटलेली. त्या मुलखात वीज आपोआप पडते असं मानतं कोण? ती कुणीतरी पाठवलेली असते. लेकाला नेणारी वीज सुनेच्या पाठोपाठ घरात शिरली, हे म्हातारीच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

"पुन्हा ती माझ्या अंगाला लागली ना, तर गाठोडं बांध आणि माहेरी चालती हो," ती म्हणाली होती.

माहेरी कुठे जायचं? तिथे भावजयांनाच पाय पसरायला जागा नव्हती. तेव्हापासून मापुलेंग ताट खाली ठेवी, हात मागे घेई, मग म्हातारी ते उचले. अंघोळ घालताना आधी स्वतःचे हात पाण्यात बुडवी. वर्षं अशीच गेली. म्हातारी थकली, सून तिच्याहून थकली. बांधावं एकदाचं गाठोडं, असंही तिला कधी वाटे. मग म्हातारीच्या फुटलेल्या टाचांना चरबी कोण चोळणार, हे आठवे आणि ती उठून चूल पेटवी.

त्या दिवशी कारखान्यात जादा काम निघालं. ती परतली तेव्हा कुणाच्या तरी शेळीने फाटक ढकलून सताड उघडं टाकलं होतं. कडीला हात लावायची वेळच आली नाही, चावी मुठीत तशीच राहिली. मापुलेंग इतकी दमली होती की बूटही पायातच राहिले. आत म्हातारी बसल्या जागी पेंगत होती, खांद्यावरचं ब्लँकेट घसरलं होतं. मापुलेंगने ते वर ओढलं आणि तिचं बोट म्हातारीच्या मानेला लागलं.

टच्‌. दिवा अजून लावलेला नव्हता, त्यामुळे निळी ठिणगी दिसलीसुद्धा.

मापुलेंगची नजर कोपऱ्यातल्या आपल्या ट्रंकेकडे गेली. संपलं एकदाचं, असं वाटून तिला जरा सुटल्यासारखंही झालं.

म्हातारीने मान चोळली.

"पोरी, मोकेते गेल्यावर त्याला तू पाहिलं होतंस. मला कुणी बघू दिलं नाही."

"हो, आई."

"त्याला एवढंच लागलं असेल का गं?"

मापुलेंगला त्याचे चिंध्या झालेले बूट आठवले. छातीवरचं जळलेलं आठवलं. ते तिने आजवर कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"याहूनही कमी, आई. कळलंसुद्धा नसेल त्याला."

"खरं सांगतेस?"

"मी पाहिलं ना."

म्हातारीने हात पुढे केला. "परत लाव बघू."

मापुलेंगने ब्लँकेट डगल्यावर खसाखसा घासलं आणि त्या सुरकुतलेल्या बोटाला आपलं बोट टेकवलं. पुन्हा टच्‌ झालं. म्हातारीने हात मागे घेतला नाही.

"एवढंसंच," ती स्वतःशी म्हणाली. "मला वाटायचं, लेकरू तडफडलं असेल."

मापुलेंगला रडू आलं. एवढं एक विचारायची भीती घेऊन म्हातारी किती हिवाळे बसून होती. डोळे पुसत तिने दिवा लावला, पापा गरम केला, बाजूला भाजी वाढली आणि सवयीने ताट खाली ठेवायला वाकली.

"खाली कशाला ठेवतेस?" मामोकेते म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.