तिसरी, दोनदा

नातवाच्या शाळेतल्या पालकसभेत परवा चर्चा रंगली, प्राथमिक शाळेतली सगळ्यात अवघड इयत्ता कोणती. कुणी पहिली म्हणालं, कुणी चौथी. मी गप्प बसले, कारण सून शेजारीच होती आणि सासू एकदा नापास झालेली आहे हे तिला ठाऊक नाही. नाहीतर या विषयावर बोलायचा अधिकार त्या सभेत माझ्याइतका कुणाचाच नव्हता. तिसरी मी दोनदा केली आहे.

पहिली-दुसरीत काही कळायची गरजच नसते. सगळे मिळून पाढे ओरडतात, त्यात आपणही तोंड हलवायचं. तिसरीत मात्र बाई म्हणाल्या, "आता मनात वाचा." आमचं घर भिवंडीत, भिंतीपलीकडे सहा लूम, दिवसभर खडखडाट. मनात वाचायला मनात शांतता लागते, ती आमच्याकडे नव्हती. लूमवरचे कामगार एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरच्याला सगळं कळे. आम्हा पोरांनाही ती विद्या येत होती, पण शाळेत तिला मार्क नव्हते. मी नापास झाले.

पुढच्या वर्षी धाकटा भाऊ दुसरी पास होऊन माझ्याच वर्गात, माझ्याच पट्टीवर येऊन बसला. पोरी विचारत, "तुम्ही जुळी काय?" त्याबद्दल घरी जाताना मी त्याला दोन धपाटे घालत असे. वडिलांनी जाहीर करून टाकलं, "या टायमाला न्हाय पास झालीस, तं आयसंगती कांड्या भरायला बस." आई घरी बसून लूमसाठी कांड्यांवर सूत भरायची. तिच्या बोटांना सुताने पडलेल्या चिरा मी रोज बघत होते. शाळा मला आवडत नव्हती, पण कांड्यांपेक्षा शाळा परवडली.

तोंडी परीक्षा घ्यायला पडघ्याहून नुकतेच बदलून आलेले गुरुजी होते. ते वर्गाकडे पाठ करून खुर्चीत बसले, मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "मागून चकार शब्द ऐकू आला तर छडी." शब्द ऐकू येणारच नव्हता.

"सतरा नव्वे?"

मी गुरुजींच्या खांद्यावरून भावाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"एकशे त्रेपन्न."

पुढचे चारही प्रश्न असेच पार पडले. गुरुजी म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे हो मुलीचं."

मग भावाची पाळी आली. लेखीच्या वेळी त्याला गोवर आला होता, त्यामुळे त्याची सगळी मदार तोंडीवर होती. पाढे त्याने खडाखड म्हटले. मग गुरुजींनी जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. "कामवारी," तो म्हणाला, कारण ती गावातच होती. पुढे काही येईना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

नद्या मला येत होत्या. दोन वर्षं तोच भूगोल ऐकल्यावर म्हशीलाही आल्या असत्या. उल्हास, वैतरणा, तानसा, भातसा. पण माझ्या डोक्यात एकच आलं, हा इथेच राहिला तर चौथीत मी एकटी जाईन आणि पुन्हा त्याची मोठी बहीण होईन. मी ओठ घट्ट मिटले. लाज वाटली, नाही असं नाही, पण ओठ उघडले नाहीत.

निकाल लागला. मी पास, तो नापास. वडील आयुष्यभर लूमवर उभे राहिलेले, त्यांना पोरांचे सगळे धंदे ठाऊक. त्यांनी त्याला विचारलं, "ताय समोर व्हती ना? तिनं न्हाय सांगितलं तुला?"

मी भिंतीला चिकटून उभी होते.

"तिला तरी कुठं येत व्हतं," भाऊ म्हणाला. "बिचारी नुसती बघत व्हती माझ्याकडं."

वडील हसले, आईही हसली. नद्या येत होत्या हे मी त्या घरात पुढे कधीच कुणाला सांगू शकले नाही.